धर्मराज केणीची रांगोळी

"सत्कार होणार नाही म्हणजे नाही."

"अहो पण का? एक कारण सांगा ताई, मी आत्ता बॅनरवाल्याला फोन करतो."

"कारण नाही. नको म्हटलं ना?"

"नको म्हटलं ना! हे काय उत्तर झालं? पोरांना आइस्क्रीम नाकारतात तसं. निम्म्या चिरनेरला आमंत्रण गेलंय. आणि तुम्ही म्हणता, दुसरं कुणीतरी बघ. असा माणूस दुसरा आणू कुठून? गावातला, डंपरचा धंदा, गळ्यात ही एवढी साखळी, आणि रांगोळी काढतो! पुरुष, ताई, पुरुष!"

"मग डंपरवाला म्हणून कर ना सत्कार. डंपर झकास चालवतो म्हणावं."

बाकावर पेपर घेऊन बसलेला रामू खुदकन हसला. बायकोने, सत्यवतीने, चष्म्यावरून पाहिलं तसा पुन्हा पेपरात शिरला.

निनादला मात्र हसू आलं नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि शिलाई मशीनच्या पाट्यावर, साडीच्या घड्यांवरच ठेवला. "हे वाचा. 'धर्मराजभाऊ, वेल काय वळवलीत! नजर काढून टाका त्या हाताची.' कुणी लिहिलंय? सत्यवती मोकल. हे बघा, दिवाळीतलं. 'भाऊ, तुमच्या चिमटीला तोड नाही.' कुणी? सत्यवती मोकल. वर्षानुवर्षं तुम्ही या माणसाला डोक्यावर घेतलंय. आता मी त्याला स्टेजवर घेतो तर तुमच्या पोटात दुखतं!"

"माझ्या पोटाचं तू नको बघू."

"बघतो. कारण मला कळलंय काय झालंय ते. फेसबुकवरचा रांगोळीचा गट तुमच्या हातात होता तोवर मेल्यातच जमा होता. मी उभा केला. ते बघवत नाहीये."

"ए निनाद," रामू पेपर खाली ठेवत म्हणाला, "जपून."

सत्यवतीने दोरा दातांनी तोडला. तिच्या तोंडात एक वाक्य आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. त्या एका वाक्याने निनादचा बॅनर, हॉल, शाल, श्रीफळ, सगळं जागच्या जागी बसलं असतं. तिने ते गिळलं.

"जा तू आता. गिऱ्हाईक आलंय."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. निनादने मागे वळून रिकाम्या पायरीकडे पाहिलं, फोन उचलला आणि गेला.

पनवेलच्या लाईन आळीत फॉल-पिकोची दुकानं पुष्कळ आहेत. सत्यवतीचं त्यातलंच एक, मशीन, बाक आणि भिंतीला रंगवार लटकवलेले फॉल एवढंच. पण पनवेल-उरणच्या बायकांत तिची ओळख दुकानामुळे नव्हती, रांगोळीमुळे होती. उलव्याच्या बाजूचं तिचं माहेर विमानतळाच्या जमिनीत गेलं. ज्या उंबऱ्यापुढं ती लहानपणी शेणसड्यावर ठिपके टाकायची तो नेमका कुठं होता, हे आता तिलाही बोट दाखवून सांगता येत नाही. लग्न होऊन ती पनवेलला दुसऱ्या मजल्यावर आली. दारापुढं दोन फरशा. त्यात अर्ध्या फरशीवर शेजाऱ्यांच्या चपला. तरी ती रोज रांगोळी काढायची आणि दहाच्या सुमाराला केरवाली तिच्यावरून पोछा फिरवायची.

तेव्हा फेसबुक नवीन होतं. घरात फोन रामूचा, म्हणून खातंही रामूचं. सत्यवतीने त्यावर आपली रांगोळी टाकली. दुसऱ्या दिवशी एसटी डेपोत सगळ्यांनी रामूला घेरलं. "काय कंडक्टर, हात भारी चालतो!" रामू त्या दिवशी घरी आला, चप्पलही न काढता म्हणाला, "सत्ये, माझ्या नावावर शिव्या घाल हव्या तेवढ्या. कौतुक नको. मला पेलत नाही ते." आणि समोरच्या मोबाइलवाल्याकडून तिचं तिच्या नावाचं खातं काढून आणलं.

त्याच आठवड्यात तिने गट काढला. नाव ठेवलं, 'उंबऱ्यापुढं'.

गटात बायका आल्या, पण बायकांच्या नावाने नाहीत. सगळ्यांचा नवरा रामू थोडाच असतो? गावागावांतल्या सुनांना फेसबुकवर स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो टाकायची सोयच नव्हती. घरातला जुना फोन वाट्याला यायचा आणि त्यात नवऱ्याचं नाहीतर दिराचं खातं उघडंच असायचं. त्यामुळे 'उंबऱ्यापुढं'च्या यादीत भरत पाटील होते, जगन घरत होते, कुणी 'आई एकवीरा ट्रान्सपोर्ट' होतं, कुणी नुसतंच 'दादूस किंग'. फोटो कुणाचा बैलांचा, कुणाचा जेसीबीचा. आणि खाली रांगोळ्या अशा की बघत राहावं.

सत्यवतीने यावर एक रीत घातली. गटात यायचं तर दुपारी, घरात पुरुष माणूस नसेल तेव्हा, तिला एक फोन करायचा. बाईचा आवाज ऐकला की सत्यवती तिला आत घ्यायची. समोरून मग हमखास एकच मागणं यायचं, "ताई, कुनाला सांगू नका हां. शपथ घ्या." सत्यवती शपथ घ्यायची. किती जणींची घेतली याचा तिने कधी हिशेब ठेवला नाही, कुठे लिहूनही ठेवलं नाही. पण आवाज आणि हात, दोन्ही तिला पाठ होते. मग गटावर सगळ्यांदेखत ती त्यांना भाऊ म्हणायची. "भरतभाऊ, कासव जमलं हो!" "दादूस किंग, निळा जरा भडक झाला काय?" तिकडे कुठल्यातरी मोरीपाशी एक बाई तोंडाला पदर लावून हसत असायची. गटाचा अर्धा आनंद त्या हसण्यात होता.

धर्मराज केणी हे खातं त्यांतलंच. फोटो शर्यतीच्या बैलजोडीचा. खातं चालवणारी त्याची बायको वेणू.

वेणूचा पहिला फोन सत्यवतीला लख्ख आठवतो. पलीकडून ठणठणीत आवाज आला, "ताई, मी धर्मराज केणी बोलते." मग दोघी इतक्या हसल्या, की वेणूला उचकी लागली. धर्मराजने नवीन फोन घेतला होता, जुना तिला पोरांची शाळा कळावी म्हणून दिला होता. त्यातलं खातं बंद करायचं तो विसरला. तो नव्या फोनवर फक्त व्हॉट्सअॅप बघायचा, त्यामुळे इकडे आपल्या नावाने रोज सकाळी काय फुलतंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

गटाचा शनिवार जोडरांगोळीचा असे. चिठ्ठ्या टाकून दोघींची जोडी लावायची. एकीने पहाटे आपल्या दारात डावी बाजू काढून फोटो टाकायचा, दुसरीने तो बघून आपल्या दारात उजवी काढायची. मग दोन्ही फोटो शेजारी लावायचे. एक फरशी पनवेलची, एक अंगण चिरनेरचं, आणि मधून वेल अशी जायची की जोड कुठे ते शोधावं लागायचं. चिठ्ठ्या सत्यवतीच टाकायची. त्यामुळे वेणू तिच्या वाट्याला जरा जास्तच वेळा यायची. वेणूची रेघ बारीक, न थरथरणारी. सत्यवती डाव्या बाजूला मुद्दाम अडचण करून ठेवायची, वेल मध्येच उलटी वळवायची, बघू आता काय करते. अन् दुसऱ्या दिवशी 'धर्मराज केणी' तिला अशी सरळ करून आणायचा, की सत्यवती हातातलं पिको तसंच सोडून रामूला दाखवायची.

"बघितलंत?"

"बघितलं," रामू म्हणायचा. "तुझ्यापेक्षा चांगली आहे."

"ते मला माहितीये. तुम्ही कशाला बोलता?"

इतकी वर्षं झाली, पण दोघी कधी भेटल्या नाहीत. चिरनेर काही लांब नाही. पण कोण ही पनवेलची बाई, कुठून ओळख, असं घरात कुणी विचारलं तर वेणू काय सांगणार?

मग गट मंदावला. फेसबुकवरचे लोक दुसरीकडे पांगले, पोरीबाळी रील बनवायला लागल्या. गटावर रांगोळ्या कमी आणि झटपट कर्जाच्या जाहिराती जास्त दिसू लागल्या. सत्यवती रोज बसून त्या खुडायची, सकाळी पुन्हा उगवलेल्या. शनिवारी जोडी लावायला नावं मिळेनात. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. याच काळात खारघरचा निनाद गटात आला. कलेचं शिक्षण घेतलेला, रांगोळीतून चेहरे काढणारा, बोलायला गोड. आणि त्याला गटाबद्दल खरंच वाटायचं, हे सत्यवती आजही नाकारत नाही. "ताई, असं मरू द्यायचं नाही हे. आपण याला नवीन करू," असं तो म्हणाला. इतक्या वर्षांत 'आपण' म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी तिने गटाच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. फक्त एवढंच म्हणाली, "माणसं काढू नकोस हां. आहेत ती राहू दे."

का राहू दे, ते तिने सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच.

डॉक्टरांनी तिला फोन बघायला बंदी केली होती. ती डोळ्याला हिरवी पट्टी लावून घरात बसली आणि तिकडे निनाद झपाट्याने कामाला लागला. इंटरनेटवर गटाचं नवं ठिकाण बांधलं, नवं चिन्ह केलं. मग त्याच्या लक्षात आलं, की बायकांच्या या गटात बैल, जेसीबी आणि दादूस किंग भरलेत. कुठल्याही शहाण्या मुलाने जे केलं असतं तेच त्याने केलं. महिलांसाठी सुरक्षित गट म्हणून त्याने खात्यांशी जोडलेल्या एकेका नंबरवर फोन लावला. "नमस्कार, तुमच्या खात्यावर रांगोळ्या दिसतात, त्या तुम्हीच काढता का?"

फोन उचलले पुरुषांनी. कुणी शिव्या घातल्या, कुणी "रांग नंबर" म्हणून ठेवून दिला. कुणी काहीच न बोलता फोन खाली ठेवला आणि घरात वळून हाक मारली. त्या घरांमध्ये पुढं काय झालं ते निनादला कळलं नाही. त्याने खोटी खाती म्हणून नावं पुसली आणि यादी स्वच्छ झाल्याचं गटावर जाहीरही केलं.

एकट्या धर्मराज केणीने आधी "कंच्या रांगोल्या?" असं विचारलं आणि फोन ठेवला. मग तासाभराने त्यानेच उलट फोन केला. "हां, मगाशी आवाज नीट येत नवता. मीच काडतो."

पट्टी सुटल्यावर सत्यवतीने फोन हातात घेतला, तर नव्या 'उंबऱ्यापुढं'वर पहिलाच चेहरा त्याचा. गॉगल, साखळी, खाली लिहिलेलं, 'चाकोरी मोडणारा रांगोळीकार'. त्याच्याखाली वेणूचा मोर. हजारो लोकांनी बदाम दिलेले.

म्हणून ते दुकानातलं भांडण. आणि म्हणून निनाद पाय आपटत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सत्यवतीने दुकानाला कुलूप लावलं, चिरनेरची एसटी धरली.

धर्मराजचा बंगला शोधावा लागला नाही. अंगणात डंपर उभा होता आणि डंपरच्या पुढ्यात, भर उजेडात, ताजी रांगोळी.

"या या या! सत्यवतीताई ना? फोटोवरनं वलखलं!" धर्मराज सोफ्यावरून उठलाच. मोकळ्या तोंडाचा, जाडजूड, पहिल्या भेटीत आवडावा असा माणूस. "अगो ए, पानी आन! आपल्या लाइनीतल्या ताई आल्यात. बसा ताई, बसा. आपन कलाकार मान्सं, आपल्यात कसली फार्मालिटी?"

सत्यवती बसली. "दारातली आजची का?"

"आजचीच. सकाली जरा येल भेटला."

"आधी ठिपके टाकता, का थेट रेघ?" तिने इतक्या गोडपणे विचारलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

धर्मराजने गळ्यातली साखळी सरळ केली. "त्या दिवसाच्या मूडवर अस्तंय ते, ताई. कलेचं तुमाला म्हाईतच हाय." आणि मग दिलखुलास हसला. "गावात बी आता लोक बोलतात, धर्मा, तू तं छुपा रुस्तम! सरपंचकीला उबा र्‍हातोय नं यंदा. बायका आपल्यावर जाम खूस हायत."

वेणू पाणी घेऊन आली. ठणठणीत आवाजाची बाई चांगली उंचनिंच असेल असं सत्यवतीने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. ही निघाली चिमणीएवढी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लगेच नजरा तांब्यावर आणल्या. एवढ्यात धर्मराजचा फोन वाजला. रेतीच्या गाडीवरून कुणावर तरी ओरडत तो अंगणात गेला.

"तुमी कित्ती गोऱ्या," वेणू म्हणाली. पहिलं वाक्य ते.

"आणि तू केवढीशी! मला वाटलं होतं, चांगली पैलवान असशील."

"आवाज तेवडा हाय." ती हसली.

"वेणू, मी निनादला सांगते. एकच वाक्य. त्या रांगोळ्या हिच्या आहेत. बास."

"नका, ताई."

"तुला मारलं का त्याने?"

"न्हाय हो. तो मारनारा नाय." वेणूने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "त्या दिशी घरात आला, जुना फोन मागितला. मना वाटलं, आता फोडतो. तं बसून समद्या रांगोल्या बघीत बसला. मंग बोल्ला, येणू, एवड्या तू काडल्यास? मी हां बोल्ली. मना वाटलं, आता कवतिक करतंय. तं बोल्ला, मी त्या पोराला सांगितलंय, मीच काडतो. तू काडत र्‍हा, मी टाकत जाईन."

"आणि तू ऐकलंस?"

"तुमी ऐका आदी. पयले मी पाटंचं उठून, सासू जागी व्हायच्या आदी काडायची. कवा दार वाजंल, कवा कोन बघंल. आता दिवसाउजेडी काडते. रंग आनून देतो, कंचे पायजेत इचारतो. सासू बी काय बोलत नाय, ल्योकाचं काम हाय ना! ते बाकीच्यांचं काय जालं म्हाईत हाय तुमाला? जगन घरतची रूपा, तिला अंगनात रांगोलीला बसू देत नाय आता. तुमी सांगलात तं माजं बी तेच. इलेक्शन हाय त्याचं. सगल्या गावात त्याचं हसं जालं तं तो मना काडू देल?"

"पण शपथ घरापासून लपवण्यासाठी होती, वेणू. घराला तर कळलं."

"आता गावापासनं लपवायची."

बाहेर धर्मराजचा आवाज चढला, उतरला. वेणू जवळ सरकली. "ताई, माजं नाव तं पयले बी कुटं व्हतं? तवा बी तुमी धर्मराजभाऊच बोलायच्या. पन तुमाला ठाव व्हतं. तुमी धर्मराजभाऊ ल्हिवलं का मना कलायचं, ह्ये मनाच बोलल्या. एका बाईला ठाव हाय, का ह्यो हात येणूचा हाय. तेवड्यावर चालतं माजं."

सत्यवतीने वेणूचा हात धरला, उलटा करून पाहिला. मग धर्मराज आत आला आणि तिने तो सोडून दिला.

"जेवून जा, ताई," धर्मराज म्हणाला. "आपलं कालवन खाऊन बघा. येणूला बाकी काय नाय, पन कालवन जमतं."

समारंभ रविवारी सकाळी, खारघरच्या एका हॉलमध्ये झाला. निनादने येऊन माफी मागितली होती, तीही मनापासून. "त्या दिवशी नको ते बोललो, ताई. तुम्ही नसाल तर कार्यक्रमाला अर्थ नाही." त्याने पहिल्या रांगेत तिची खुर्ची ठेवली होती. आणि तिला आनंद व्हावा म्हणून एक बेत केला होता. स्टेजवर सर्वांदेखत जोडरांगोळी. डावी बाजू संस्थापिका सत्यवतीताई, उजवी बाजू धर्मराजदादा केणी.

धर्मराज पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आला. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज.

"हाताला लचक भरली हो सकालीच," त्याने माईकवर सांगितलं. "पन प्रोग्राम थांबाला नको. मिसेस काडतील, मी सांगत जाईन."

लोकांना ते फार आवडलं. टाळ्या पडल्या. सत्यवतीच्या शेजारी बसलेला रामू हळूच म्हणाला, "निदान कुठल्या हाताने काढतो, तेवढं तरी ठाऊक आहे." आणि ती स्टेजवर चढली.

दोघी एकाच जमिनीवर पहिल्यांदा बसल्या. मध्ये एक खडूची रेघ. सत्यवतीने ठिपके टाकले, वेणूने आपल्या बाजूचे टाकले.

"तुमचे मोटे पडतात," वेणू ओठ न हलवता म्हणाली.

"डोळा नवीन आहे. सवय व्हायची आहे."

"मंग मी बी मोटे टाकते. जुलाला पायजेत."

मागे उभा राहून धर्मराज हात हलवत होता. "हां, तिकडनं वलव. वलव अजून. आता तिथं निला भर." वेणूने चाळणीत हिरवा घेतला आणि हिरवा भरला. धर्मराज म्हणाला, "बरोबर!" सत्यवतीला हसू आवरेना, तिने खोकल्याचं सोंग केलं. वेणूचे खांदे हलत होते. तेवढा वेळ सत्यवतीला वाटलं, हे चालेल. असंही चालू शकतं. लोकांना काय बघायचं ते बघू देत.

निनाद तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने माईक तिच्या हातात दिला. "ताई, थांबवतो जरा. दादांची कला पहिल्यांदा ओळखली ती तुम्ही. त्यांच्या हाताबद्दल दोन शब्द बोला ना."

सत्यवतीने वेणूकडे पाहिलं. वेणू मान खाली घालून पाकळी काढत होती. हात थांबला नव्हता, पण हळू झाला होता. ती ऐकत होती.

इतकी वर्षं सत्यवतीने हेच तर केलं होतं. सगळ्यांपुढं एक बोलायचं आणि एकीलाच दुसरं कळवायचं. तसंच एखादं वाक्य तिने शोधलं. पण तेव्हा ती दुपारी दुकानात निवांत बसून लिहायची, चुकलं तर पुसायची. इथे दिवे होते, समोर माणसं, तोंडाशी माईक. आणि मागे धर्मराज, हात जोडून, कौतुक झेलायच्या तयारीत. सांगावं काय? सांगितलं तर वेणूचं अंगण बंद. तिने शपथ पाळायची ठरवली. आणि पाळायचीच तर पुरती पाळावी, कुणाला तिळभर शंका येऊ नये, म्हणून ती लागेल त्याहून जास्त बोलली.

"धर्मराजभाऊंबद्दल मी काय सांगू? कुणी शिकवलं नाही, स्वतः बघून बघून शिकले. इतकी स्थिर रेघ मी बायकांच्या हातातसुद्धा पाहिली नाही. आणि..." ती अडखळली, शेवट काहीतरी करायला हवा होता. "आणि वहिनींनासुद्धा त्यांनी किती छान तयार केलंय, ते तुम्ही बघताच आहात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धर्मराजने कपाळाला हात लावून नमस्कार केला.

वेणूची चिमूट हवेत राहिली. तिने मान वर करून सत्यवतीकडे पाहिलं. राग असता तर सत्यवतीला बरं वाटलं असतं. रस्त्यात कुणी अनोळखी बाई पत्ता विचारते आणि आपण माहीत नाही म्हणतो, तेव्हा ती जशी बघते, तसं वेणूने पाहिलं. मग तिने हात झटकले, पदर खोचला आणि उठली.

"वहिनी?" निनाद म्हणाला.

"अगो, कुटं चालली? अर्दी तशीच र्‍हायली ना!" धर्मराज हसत हसत ओरडला. लोकही हसले.

"वेणू!"

माईक अजून सत्यवतीच्या हातात होता. ती हाक हॉलभर घुमली, चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून. "वेणू, अगं, मी तुझ्यासाठीच... अगं ऐक तरी!"

वेणू स्टेजच्या पायऱ्या उतरली. खुर्च्यांच्या मधून, कुणाला धक्का न लावता, दारापर्यंत गेली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्यातून तिने आपल्या शोधल्या, पायांत घातल्या आणि निघून गेली.